कडक की मऊ

चहाला जरा उशीर झाला की चंपतराव पलंगावरून ताडकन उठायचा आणि शामलाच्या कमरेत लाथ घालायचा. परवा तर त्याने तिला फरफटत नेऊन भिंतीवर आपटलं. धंतोलीच्या डॉक्टरांना तिने ‘बाथरूममध्ये पडले’ एवढंच सांगितलं. त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं, ‘कडक गादीवरच झोपा.’

दुकानात पसंती अर्थातच चंपतरावाची. एकेका गादीवर तो आडवा होऊन पाहत होता. सगळ्यात मऊ गादीत त्याचं धूड असं रुतलं, की हातपाय झाडत तो खेकसला, “पाहून काय राहिली? हात दे वं, मले उठता येऊन नाही राहिलं!”

शामलाने डॉक्टरांची चिठ्ठी मुठीत चुरगाळली आणि दुकानदाराला म्हणाली,

“भाऊ, हेच द्या. आजच पाठवा.”