बाभळींपर्यंत पोचणारी बॅटरी

"लिथियमच द्या," सुवर्णा म्हणाली. "दिवसभर चालली पायजे."

दुकानदार पंकजनं तिच्याकडं नाही, तिच्या सासऱ्यांकडं पाहिलं. भैंसा गावच्या बाजारातल्या त्या बॅटरीच्या दुकानात चंपतराव असे बसले होते, जणू कुणी दाढ उपटायला आणलंय.

"काऊन नवी?" ते म्हणाले. "जुनीतच पाणी टाकून देऊ."

"मामाजी, जुनी रोज बाभळींजवळ जाऊन मरते!"

खरंच होतं ते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सुवर्णाचा नवरा राजकुमार तलावावर मासे धरायला गेला आणि नुसती नाव सापडली. तेव्हापासून सासरा-सून रोज नाव घेऊन त्याला शोधायला निघायचे. नावेची बॅटरीवरची मोटर राजकुमारनंच हौसेनं बसवलेली. चंपतराव मागं मोटरीशी, सुवर्णा पुढं, पाण्याला डोळे लावून. सगळा तलाव धुंडाळून झाला. राहिल्या त्या पल्याडच्या, पाण्यात बुडालेल्या बाभळी. तिकडं वळलं की मोटर गप्प. "उतरली," म्हणत चंपतराव वल्हं उचलायचे. आज सकाळीही तेच. मग सुवर्णानं हट्टच धरला आणि बॅटरी ऑटोत घालून दोघं तडक इथं आले.

तिला एकदा नवऱ्याचं तोंड पाहायचं होतं, त्याला अग्नी द्यायचा होता. बस. आत्यासासू सखूबाई तर तिचं कुंकू पुसून तिला माहेरी धाडायलाच टपलेली. चंपतरावांनीच बहिणीला दटावलं होतं, "देह सापडल्याबिगर सुनेच्या कपाळाले हात लावशील, तर याद राख!"

पंकजनं नवी बॅटरी पुढं केली. "उचलून तर पाहा, काका. लेकरावानी हलकी हाय."

चंपतरावांनी हात मागं घेतला.

"आन एक ध्यानात ठेवा," पंकज म्हणाला. "पाण्याची बॅटरी सांगून मरते. मोटर हळू होते, कण्हते. लिथियम सांगत नाही. शेवटपर्यंत पुरा जोर, मंग खट्ट बंद."

सुवर्णाला हसू आलं, पोळ्यानंतर पहिल्यांदाच. "मंग आमची जुनीच लिथियम म्हणा की! ते बी खट्ट बंद होते."

"पाण्याची? असं नाही होत, ताई." पंकजनं टेस्टर जुन्या बॅटरीला लावला, काढला, पुन्हा लावला. "चार्ज करून आणली का?"

"नाही. तलावावरून तशीच उचलली."

"ही तर निम्मी बी उतरली नाही."

सुवर्णा सासऱ्यांकडं वळली. चंपतराव तिच्या डोळ्यांत पाहत नव्हते. ते पाहत होते तिच्या कपाळाकडं.

"तिकडं नको जाऊ, पोरी," ते हळूच म्हणाले. "मले सापडला तवाच दगड बांधून ठेवला हाय म्या त्याले. राहू दे तुयं कुंकू."