अर्थिंगचा खड्डा

“आसारामभाऊ, खांबावरची तुटलेली तार जोडली मी सकाळी. वस्तीवर लाईट आली. पण आमच्यात टेस्टर भलत्याच भोकात पेटाया लागलाय. चालतंय न्हवं?”

फोनवर श्रीमंत होता, वस्तीवरचा शेजारी. आसाराम सोनई गावात एका दुकानात पंखा टांगायला शिडीवर चढलेला. फोन कान आणि खांद्यात दाबून तो हसत होता, ते हसू जागच्या जागी गेलं.

“फेज-न्यूट्रल उलटं केलंस का रं?”

“त्यातलं काय कळतंय मला! दोन तारा, दोन टोकं. दिली जोडून.”

“श्रीमंता, पळ माझ्या घरी. मेन बंद कर आधी. पळ!”

“आता? मी दुधाच्या किटल्या घेऊन डेअरीवर आलोय. का वो?”

आसाराम शिडीवरून उतरला की पडला, त्याचं त्यालाच कळलं नाही. बायकोला, गोजरबाईला फोन लावला. बंद. लागणार कसा? त्यानंच दम भरला होता, घरात तान्हं लेकरू हाय, ते मोबाईलचं खूळ बंद करून फडताळात ठेव म्हणून. वस्तीवरच्या तिसऱ्या घराला कुलूप होतं, ती माणसं ऊसतोडीला गेलेली. आणि दहा वाजून गेले होते. उन्हं ओट्यावर आली की लंकाबाई यायची, बाळंतिणीला तेल चोळायची आणि न्हाणीत न्यायची.

त्यानं गाडीला किक मारली.

लेक ज्ञानेश्वरी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. तिला धूर नको, हवं तेव्हा गरम पाणी मिळावं, म्हणून बापानं हौसेनं गीझर आणला होता. आणि हा बाप कोण, तर अर्थिंग नसलं तर गीझरला हात लावणार नाही म्हणणारा! पंचवीस वर्षं लोकांना खड्डे खणायला लावले त्यानं. मीठ आणा, कोळसा आणा, खोल जाऊ द्या. कुणी कुरकुरलं की सुनवायचा, “टाकीत करंट उतरला तर त्याला जमिनीत जायला वाट लागती. वाट न्हाई दिली, तर तो तुमच्या अंगातून जातो.”

स्वतःच्या घरी पहार दोन वीत गेली आणि मुरमावर टणकन उडाली. लेक दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून घरी यायची होती. मग त्यानं प्लगातच न्यूट्रलचा एक तुकडा अर्थच्या पिनेला नेऊन जोडला. न्यूट्रल तर बिनकरंटाची, थंड तार, तिनं काय होतंय? खड्डा उद्या खणू. त्या उद्याला अकरा दिवस झाले होते. श्रीमंतानं टोकं उलटी जोडल्यावर आज ती थंड तार जिवंत झाली होती आणि गीझरच्या टाकीत, नळात, पाण्यात करंट खेळत होता. बटण बंद असलं तरी.

पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या रस्ता अडवून डुलत चाललेल्या. “अरं, बाजूला घे की रं मुडद्या!” ट्रॅक्टरवर गाणं लागलेलं, कोण ऐकतंय! त्यानं गाडी रस्त्याकडच्या पाण्याच्या चारीत घातली, पडला, उचलली, पुन्हा निघाला. रडत होता की शिव्या देत होता, कुणाला सांगता आलं नसतं. देवा, माझे हात घे. दोन्ही घे. पण तिचा हात नळाला लागू देऊ नको.

घर आलं. न्हाणीचं पत्र्याचं दार लावलेलं. आत पाणी पडत होतं.

त्यानं गाडी तशीच सोडून दिली, ओट्यावर उडी मारली आणि मेन स्विचचा दांडा खाली ओढला. घरातला पंखा फिरत फिरत थांबला.

“ज्ञाने!”

आतून काही नाही. पाण्याचा आवाजही थांबला.

“ज्ञाने, बोल की गं माझे आई!”

“अप्पा?” पत्र्याआडून आवाज आला. “काय झालं? पाटावरनं उठायला लागले तर लाईटच गेली.”

आसाराम मेनखालीच बसला.

गोजरबाई खांद्यावर लेकरू घेऊन बाहेर आली. “हे काय, गुडघा फुटलाय की! कुठं पडला? आन बरं झालं आला ते. मघा त्या नळाला हात लावला तर लंकाबाईला मुंग्या आल्या. चपला हुत्या पायात, तरी. म्हनाली, गीझर बंद करा, मालकाला इचारा. म्या म्हनलं, गप गं बाई, दुसऱ्या कुनी जोडलाय व्हय? आमच्या ह्यांनी जोडलाय. ओत तू पानी.”

ज्ञानेश्वरी आणि लंकाबाई न्हाणीतून बाहेर पडल्यावर तो उठला, आत जाऊन गीझरचा प्लग उपसला आणि परसात गेला. पहार अजून भिंतीला टेकवलेलीच होती, खाली दोन वीत खळगा, त्यात कोंबडी बसलेली. त्यानं कोंबडी हुसकली आणि घाव घातला. मुरूम उडाला. एक घाव जाग्यावर पडत नव्हता.

“अवो, चहा तरी घ्या!”

त्यानं पुन्हा घाव घातला.

दहाव्या-बाराव्या घावाला आत लेकरू दचकून रडायला लागलं. डोक्याला ओला पंचा गुंडाळलेली ज्ञानेश्वरी खिडकीत आली.

“अप्पा, आत्ताच निजलं हुतं वो ते. एवढी काय घाई हाय? उद्या खना की.”

आसारामनं पहार डोक्यावर उचलली.