चौथा कंट्रोलर

दुकानातला चौथा कंट्रोलर हातात धरून निरंजनने डोळे मिटले. गेममधली गाडी डाव्या कठड्याला घासते आहे की उजव्या, हे नुसत्या तळहातांना कळतं का, ते तो अजमावत होता.

“स्क्रीनकडे बघ की येड्या!” शाळेपासूनचा त्याचा खेळगडी सलील खेकसला. “नव्या कन्सोलवर रस्त्यावरचा थेंब न् थेंब दिसतो, आणि तू ध्यान लावून बसलायस?”

“ह्याचं व्हायब्रेशन कमी आहे.”

“व्हायब्रेशन? तो पोरांचा खुळखुळा आहे, असं तूच म्हणायचास. कुठलाही कन्सोल घरी आला की आधी ते बंद करायचास!”

निरंजनने कंट्रोलर काउंटरवर ठेवला. दोन महिने त्याने हे कुणालाच सांगितलं नव्हतं.

“डोळे चाललेत, सल्या. डॉक्टर म्हणाले, फार तर वर्षभर दिसेल. मला खेळणं सोडायचं नाहीये.”

सलीलने पडद्याकडे पाहिलं. गाडी कठड्याला टेकून उभी होती. तो दुकानदाराकडे वळला.

“दादा, तो टीव्ही बंद करा. आणि असतील तेवढे सगळे कंट्रोलर बाहेर काढा.”