कोळशानं काढलेली सावली

बाईंनी टेबलावरचे अर्धवट काजं केलेले सदरे उचलून खाटेवर ठेवले, तेव्हा कुठे डॉक्टरांना फाइल उघडायला जागा झाली. आत चौदा कागद होते, मध्ये मध्ये पातळ पांढरा कागद घातलेला. डॉक्टरांनी हात रुमालाला पुसले आणि पहिलं चित्र बाईंपुढे ठेवलं.

डॉक्टर दातांचे. दवाखाना सुनेवर सोपवल्यापासून त्यांना एकच नाद होता. ज्यांचं नाव कुणी ऐकलेलं नाही अशा चित्रकारांची कागदावरची कामं जमवायची. पाट्या रंगवणारे, शाळेतले ड्रॉइंग मास्तर, छापखान्यातले कारागीर. ही माणसं घरी बसून स्वतःसाठी काय काढत होती ते बघायला डॉक्टर रद्दीच्या गोदामात तासन्‌तास उकिडवे बसत. त्यांची बायको म्हणायची, घरात माणसांना जागा नाही आणि तुम्ही परक्या बायका आणून भिंतीवर बसवता.

या बाईंचा नवरा काडेपेटीच्या कारखान्यात लेबलांवरची चित्रं काढायचा. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली होती. त्याचे हे कागद डॉक्टरांना दोन खेपांत मिळाले, आणि त्यांच्या सगळ्या संग्रहात या तोडीचं दुसरं काही नव्हतं. लेबलांच्या वाया गेलेल्या कागदांवर, कोऱ्या बाजूला, कोळशानं काढलेली एकच स्त्री. बसलेली, भिंतीला टेकलेली, कुशीवर निजलेली. डॉक्टरांना त्यावर लहानसं पुस्तक काढायचं होतं. त्यासाठी नवऱ्याची माहिती हवी होती, आणि जमलं तर चित्रांच्या तारखा. महिनाभर विचारत विचारत ते या दोन खोल्यांपर्यंत पोचले होते. दार उघडलं ते बाईंच्या मुलीनं. चाळिशीची असेल. डॉक्टर कशासाठी आलेत ते तिनं ऐकून घेतलं आणि ती आत इस्त्री करायला निघून गेली.

डॉक्टर चित्राबद्दल भरभरून बोलले. हनुवटीची रेघ एका दमात ओढलेली आहे, कुठे खोडाखोड नाही. आणि डाव्या डोळ्याखालची ही सावली. कोळसा बोटानं चोळून इतका जड काळोख आणणं भल्याभल्यांना जमत नाही, ते म्हणाले.

बाई चष्मा लावून बघत होत्या.

"ती सावली नाही," त्या म्हणाल्या.

आधी डॉक्टरांच्या लक्षात आलं नाही. मग बाईंनीच सांगितलं, आवाज न चढवता. मारून झालं की ह्यांचं डोकं शांत व्हायचं. मग कोळसा घेऊन समोर बसायचे, हलू नकोस म्हणायचे. एकदा ओठाला टाके घालायला जायचं होतं, तर चित्र पुरं होईपर्यंत थांबावं लागलं. हे गेल्यावर सगळे कागद बाईंनी स्वतःच, गठ्ठा न सोडता, रद्दीत दिले होते.

"मी जाळणार होते," बाई म्हणाल्या. "पण हात चांगला होता ह्यांचा."

यातली तीन चित्रं वर्षभर डॉक्टरांच्या बैठकीच्या खोलीत होती. येणाऱ्याजाणाऱ्याला ते त्याच काळ्या डागावर बोट ठेवून दाखवत. त्यांनी घाईघाईनं फाइल मिटायला घेतली. पुस्तक राहू दे, कागद तुम्ही म्हणाल तसे परत करतो, असं काहीबाही ते बोलले.

बाईंनी फाइलवर हात ठेवला. पुस्तक काढाच, म्हणाल्या. तारखा हव्या होत्या ना, त्या सांगते. सावली कसली ते वाचणाऱ्याला कळू दे.

मग एकेक कागद पुढे आला. बाई बघायच्या, तारीख सांगायच्या, आणि डॉक्टर पालथ्या बाजूला, लेबलांच्या कडेच्या मोकळ्या पट्टीत, पेन्सिलनं लिहायचे. बाईंना फारसं आठवावं लागत नव्हतं. हे मुलगी पोटात असतानाचं. हे वडील वारल्याची तार आली त्या दिवशीचं. एका चित्राशी मात्र त्या अडल्या. गुरुवार होता एवढंच सांगता आलं, म्हणून डॉक्टरांनी नुसतं गुरुवार लिहिलं.

"मुलीला कधी बोट लावलं नाही ह्यांनी," त्या मध्येच म्हणाल्या. "तेवढं एक होतं. म्हणून तर राहिले मी."

शेवटचा कागद इतरांपेक्षा लहान होता. पाठमोरी आकृती, दोन वेण्या पुढे घेतलेल्या, पाठीवर आडव्या काळ्या रेघा. डॉक्टरांनी त्या रेघांना खिडकीच्या गजांची सावली म्हटलं होतं. चित्रकारानं अंगकाठी मुद्दाम बारीक काढली आहे, असंही टिपण करून ठेवलं होतं.

बाईंनी कागद उजेडाकडे धरला. तारीख सांगितली नाही. डॉक्टर पेन्सिल धरून थांबले.

"ही मी नाही," बाई म्हणाल्या.

मुलगी आतून येऊन दारात उभी होती. किती वेळ, ते दोघांनाही कळलं नव्हतं. ती टेबलाशी आली. आईनं तिच्याकडे पाहिलं.

"तू दुपारपाळीला जायचीस तेव्हाचं आहे," मुलगी म्हणाली.

डॉक्टरांच्या हातातली पेन्सिल तिनं घेतली. कागद पालथा घातला, तारीख लिहिली, आणि जरा थांबून तिच्यापुढे वय लिहिलं. नऊ. कागद तिनं बाकीच्या तेरांवर नीट ठेवला आणि हाही घ्या म्हणून सांगितलं.

बाई उठल्या. खुर्चीचा आधार घेत मुलीच्या मागे गेल्या आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. अगदी हलका, दुखेल म्हणून.