शर्यत संपेपर्यंत

फोन कानाला लावूनच तो बाथरूममध्ये शिरला आणि त्याने दार लोटून घेतलं. पाच वाजून गेले होते. पलीकडे मेहुणा होता, बायकोचा थोरला भाऊ.

“बाबा गेले,” मेहुणा म्हणाला. “झोपेतच. चार वाजता मी उठलो तेव्हा कळलं.”

आवाज बाहेर जाऊ नये म्हणून त्याने नळ सोडला.

“हिला कसं सांगू?”

“आत्ता काहीच सांगू नका. आधी शर्यत होऊ द्या. धाकटा भाऊ उद्या सकाळी पोहोचतोय, अंत्यविधी त्यानंतरच. तोवर इथे तुमच्यावाचून खोळंबा नाही. आणि तुम्ही तिच्या जवळच राहा. पुढे निघून जाऊ नका.”

“आणि नंतर?”

“नंतर सांगा. त्याआधी एक शब्द नाही. कबूल करा.”

त्याने कबूल केलं.

तो बाहेर आला तेव्हा ती लॉजच्या पलंगावर बसून टी-शर्टला नंबराचा कागद टाचत होती. चारही पिना आधीच लावून झाल्या होत्या. एक काढून ती पुन्हा लावत होती. कुणाचा फोन, असं तिने विचारलं नाही. त्याला हायसं वाटलं.

“चल,” ती म्हणाली. “सायकली आत घ्यायला उशीर होईल.”

साडेसातशे मीटर पोहायचं, वीस किलोमीटर सायकल, पाच किलोमीटर पळायचं. ती हे तिसऱ्यांदा करत होती. तो पहिल्यांदाच. गेल्या वर्षापर्यंत त्याला पोहताही येत नव्हतं. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासणाऱ्या माणसाने त्रेचाळिसाव्या वर्षी पाण्यात उतरावं, हे त्याच्या घरी कुणाला पटलं नव्हतं. पटलं ते फक्त सासऱ्यांना. ते एकतीस वर्षं तलावावर पोहायला शिकवत होते. सगळे त्यांना मास्तरच म्हणत, आणि तोही. काठावर प्लास्टिकची खुर्ची टाकून ते बसत. त्याच्या नाकातोंडात पाणी गेलं की म्हणत, “जावईबापू, तहान लागली असेल तर वर येऊन सांगा.”

शर्यतीची शिट्टी झाली. सगळे पाण्यात शिरले.

पाणी इतकं गार होतं की पहिल्या पन्नास मीटरमध्येच त्याला बोटं जाणवेनाशी झाली. त्याचं त्याला काही वाटलं नाही. मास्तरांनी शिकवल्याप्रमाणे हात आपोआप फिरत होते. दर तिसऱ्या हाताला तोंड बाहेर काढायचं, श्वास घ्यायचा, पुन्हा आत. आपण रडतोय का, हे त्याने एकदा तपासून पाहिलं. रडत नव्हता.

पाण्यात ती त्याच्यापेक्षा कितीतरी तरबेज. आतापर्यंत ती पार पुढे गेलेली असायला हवी होती. पण दर श्वासाला तिची पिवळी टोपी त्याला शेजारीच दिसत होती. गारठ्यामुळे असेल, असं त्याला वाटलं.

काठावर सायकलींपाशी ती एक बूट हातात घेऊन नुसतीच बसली.

“काय झालं?”

“काही नाही. मोज्यात खडा आहे.”

तिने मोजा झटकला. त्यातून काही पडलं नाही.

सायकलवर तो दहा मीटर मागे राहिला. पुढच्या सायकलला चिकटून चालवायचं नाही हा नियमच होता, आणि पुढे निघून न जाण्याचा मेहुण्यालाही त्याने शब्द दिला होता. चढावर ती फार मंदावली. वळणावर झेंडा घेऊन उभा असलेला गृहस्थ त्याला म्हणाला, “अहो, जा की पुढे. रस्ता मोकळा आहे.” त्याने मान हलवली आणि गिअर कमी केला. एरवी अशा चढावर ती मागे वळून त्याची टर उडवायची. आज एकदाही वळली नाही.

मनातल्या मनात तो वाक्यं जुळवत होता. तुझे बाबा गेले. नको, फार थेट. दादाचा फोन आला होता. नको, त्यावरूनच तिला सगळं कळेल. पायडल फिरत होतं आणि प्रत्येक वाक्य दुसऱ्याच कुणाबद्दल असल्यासारखं वाटत होतं.

पळताना दोघं बरोबर होती. तिसऱ्या किलोमीटरला त्याच्या मांड्या लाकडाच्या झाल्या. तिने बाजूला न बघताच विचारलं, “आहेस ना?”

“आहे.”

“बोलू नकोस. दम जाईल.”

पाण्याचं टेबल आलं. तिने एक पेला त्याला दिला, दुसरा स्वतःच्या डोक्यावर ओतला आणि चेहरा बराच वेळ दोन्ही हातांनी पुसला. मग पुन्हा पळायला लागली.

शेवटची रेषा त्यांनी एकत्रच ओलांडली. कुणीतरी गळ्यात पदकं घातली, हातात केळी दिली. माइकवरचा माणूस “नवरा-बायकोची जोडी, वा” असं काहीतरी म्हणत होता. दोघं गर्दीतून बाहेर आली आणि मोटारतळाच्या कठड्यावर बसली. तिने बुटांच्या नाड्या सैल केल्या.

आता सांगायला हवं होतं. त्याने केळं बाजूला ठेवलं आणि तिचा हात हातात घेतला. दोघांचेही हात अजून गारच होते.

“ऐक,” तो म्हणाला. “सकाळी दादाचा फोन आला होता. तुझे बाबा...”

“हो,” ती म्हणाली. “मी साडेचारला बोलले त्याच्याशी. तू झोपला होतास.”

त्याने तिचा दुसरा हातही हातात घेतला.

“मला तोंडाने सांगता आलं नसतं,” ती म्हणाली. “म्हणून तुला फोन करायला मीच सांगितलं त्याला. आणि शर्यत संपेपर्यंत तू माझ्याशी त्यावर बोलणार नाहीस, हे कबूल करून घ्यायलाही.”