चिठ्ठीवरचा पासवर्ड

केदारखेड्याच्या बियाणं केंद्रात मुकुंदनं डेटाबेस बसवला, तेव्हा संगणकानं आपणहून बारा अक्षरांचा पासवर्ड बनवून दिला होता. मुकुंदनं तो चिठ्ठीवर उतरवून तिथल्या कारकून दुर्गाबाईंच्या हाती दिला. पण बाई रजेवर गेल्या की लॉगिन कुणालाच व्हायचं नाही. दोनदा तो जालन्याहून एसटीनं येऊन हात हलवत परत गेला. आज तिसऱ्या खेपेला बाई भेटल्या.

"चिठ्ठीतला पासवर्ड चालत नाही, दुर्गाबाई. बदललात का?"

"हौ. ते आडमाप अक्षरं ध्यानातच राहीनात."

"मग नवा कोणता?"

"बोलून न्हाई सांगता येत."

त्यांनी कीबोर्ड ओढला आणि सावकाश एकेक बटण दाबलं. पडद्यावर सात फुल्या उमटल्या, लॉगिन झालं.

मुकुंदनं कपाळाला हात लावला. "यजमानांचं नाव टाकलंय होय? थांबा, दुसरं काहीतरी टाकून देतो."

बाईंनी कीबोर्डवरचा हात काढला नाही.

"राहू द्या, साहेब. ते होते तवर तोंडानं एकदाबी घेतलं न्हाई. इथं नुसत्या फुल्या दिसतेत. मंग रोज सकाळी घेऊन राह्यले."