लग्नाआधीचे शोधनिबंध

कुकरची शिट्टी झाली आणि मीटिंगमधली शांतता मोडली. शरयूचा माईक चालूच राहिला होता.

"हा नियम कोणी लिहिला?" असं तिचा वरिष्ठ हर्षल यानं पुण्याहून नुकतंच विचारलं होतं आणि सगळे गप्प होते. आता सगळ्यांचं लक्ष बुलढाण्यातल्या या घराकडे वळलं.

"मी," शरयू म्हणाली.

विद्यापीठातल्या प्रत्येक प्राध्यापकाचं संशोधन एका जागी दिसावं, म्हणून हे सॉफ्टवेअर. आज संध्याकाळी ते सुरू होणार होतं, आणि बढतीची समिती लगेच त्यावरूनच प्रत्येकाचं काम पाहणार होती.

"शरयूताई," रसायनशास्त्राच्या दीपमाला मॅडम पडद्यावरून म्हणाल्या, "माझे लग्नाआधीचे निबंध एकीच्या नावावर, नंतरचे दुसरीच्या. ती आधीची वारली का हो, लग्नाच्या मांडवात?"

शरयूला आपली चूक कळली. एकाचे निबंध दुसऱ्याच्या नावावर चढू नयेत, म्हणून पूर्ण नाव तंतोतंत जुळलंच पाहिजे असं तिनं ठरवलं होतं. तपासायला नवऱ्याचं नाव टाकून पाहिलं, सासऱ्यांचं, भावाचं. सगळं बरोबर आलं. स्वतःचं, लग्नात बदललेलं नाव टाकून पाहायचं तिला सुचलंच नव्हतं.

"मॅडम, तुमचं आत्ता जोडून देतो," हर्षल म्हणाला. मॅडम समाधानानं मीटिंगमधून गेल्या. मग त्याचा आवाज खाली आला. "आज सुरू करू. बाकी कोणी बोंबललं, तर बघू."

"बाकीच्यांना कळायच्या आत समिती बघून मोकळी होईल ना?"

"शरयू, तुझ्या घरून कामासाठी मी वर किती भांडलो, तुला माहीत आहे. आज अडलं, तर वरचे सरळ म्हणतील, पुण्यात येऊन बसा. तुझा मुलगा लहान आहे. विचार कर."

विहंग तिच्या मांडीला रेलून प्लास्टिकचा ट्रॅक्टर चालवत होता. त्याच्या केसांना दुपारच्या झोपेचा ऊबदार वास होता. तिनं त्या केसांत बोटं घातली आणि तशीच ठेवली.

"सुरू करू नका," ती म्हणाली. "चूक माझी आहे, मी लेखी देते. पण आज नको."



"सोमवारी पुण्याला ये मग," हर्षल म्हणाला. "परत घरी कधी, ते मला विचारू नकोस." पडदा काळा झाला.

तिच्या सासूबाई, सत्यभामाबाई, पदराला हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

"पुन्याले जाऊन राह्यली का वं?"

"हो, आई. काही बायांची बढती माझ्यामुळं अडली असती."

"अन् पोराले कोन पाहीन?"

शरयूनं विहंगला जवळ ओढलं. सासूबाईंनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. "पाहीन मी," म्हणाल्या आणि आत वळल्या.

विहंगनं ट्रॅक्टर थांबवला. मान वर करून त्यानं तिच्याकडे पाहिलं.

"आई, त्या बाया आपल्या कोण लागतात?"